आंब्याखाली बर्फ नव्हता

दिवाळीची पहिली आंघोळ झाली की पुणेकराला थंडी मागण्याचा हक्क प्राप्त होतो. उटणं लावताना हुडहुडी भरली नाही तर त्याला फसवलं गेल्यासारखं वाटतं, आणि मग तो फसवणाऱ्याला फोन करतो. नोकरीतली बरीच वर्षं तो फोन माझ्या टेबलावर होता.

मी हवामानाचा अंदाज सांगत असे. हे वाक्य लग्नकार्यात उच्चारलं की समोरचा माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. हसतो, किंवा ‘म्हणजे आज छत्री आणायला हवी होती’ असं म्हणून मग हसतो. दोन्हींची मला सवय आहे.

पावसाळ्यात येणारे फोन रागाचे असत. अंदाज चुकला की कुणाचं तरी काहीतरी भिजलेलं असे. हिवाळ्यातले फोन मात्र मायेचे. थंडीचा अंदाज चुकला तर फार तर स्वेटर परत घडी करून ठेवावा लागतो. शिवाय आपल्या थंडीबद्दल पुण्याच्या माणसाला घरातल्या हुशार मुलाबद्दल वाटावा तसा अभिमान असतो. पुण्याचं किमान तापमान महाबळेश्वरच्याही खाली गेलं की सकाळी सकाळी विचारणा सुरू होई, “पेपरात आलंय ते खरं का हो?” खरंच असे ते. त्यात पुण्याचं कर्तृत्व काही नाही. थंड हवा जड असते. ती उतारावरून खाली येते आणि खोलगट जागी साचून बसते. महाबळेश्वर डोंगराच्या माथ्यावर आहे आणि पुणे वाटीत. पण हे कारण सांगितलं की पलीकडचा माणूस हिरमुसायचा. पुढे पुढे मी ‘खरं आहे’ एवढंच म्हणू लागलो. कारण कुणी मागितलेलं नव्हतंच.

सदाशिव पेठेतले एक गृहस्थ रोज सकाळी स्वतःच्या गॅलरीतलं तापमान आम्हाला कळवत. कळवत म्हणजे सुनावत. “आजही तुमचं दोन अंशांनी चुकलंय. सुधारून घ्या.” एकदा मी विचारलं, “आपला तापमापक नक्की कुठे टांगलाय?”

“बाथरूमच्या खिडकीशेजारी. तिथे खिळा आधीपासून होता.”

“आणि आपली आंघोळ साधारण किती वाजता?”

मग ते म्हणाले, “मी आपल्याशी आंघोळीची चर्चा करायला फोन केलेला नाही.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांचे आकडे आमच्याशी जुळू लागले. खिळा हलवल्याचं त्यांनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

तापमापक कुठे ठेवायचा हा आमच्या धंद्यातला फार मोठा प्रश्न. उन्हात ठेवला तर तो उन्हाचं तापमान सांगतो, भिंतीला टांगला तर भिंतीचं. म्हणून आम्ही तो एका पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवतो. पेटीला चारही बाजूंनी झडपा असतात आणि ती साधारण माणसाच्या छातीच्या उंचीवर, चार पायांवर उभी असते. एकदा अशा एका नव्या पेटीचं उद्घाटन निघालं. पेटीचं उद्घाटन करायचं असतं हे तोवर मला माहीत नव्हतं. फीत बांधली, नारळ आणला, मांडव घातला. मांडवाची सावली पेटीवर पडून त्या दिवशीचं तापमान चुकलं, ते वेगळंच. प्रमुख पाहुणे पेटीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, “उत्तम. कबुतरं किती मावतात?” नंतर भाषणात त्यांनी पुण्याचं काश्मीर करण्याचा संकल्प सोडला. टाळ्या पडल्या. काश्मीरच्या माणसाला कुणी विचारलं नाही.

तर बर्फ. दर हिवाळ्यात, थंडीची पहिली लाट आली की, कुणी ना कुणी विचारायचंच, “साहेब, यंदा पुण्यात बर्फ पडेल का?” थट्टेत सुरुवात झालेली असे, पण आवाजात एक बारीकशी आशा लपलेली असे. त्या आशेचा मला कधी राग आला नाही. उत्तर मात्र ठरलेलं.

हिवाळ्यात उत्तरेकडे, हिमालयाच्या बाजूला, पश्चिमेकडून ढगांची आणि वाऱ्याची एकेक लाट येत असते. तिला आम्ही पश्चिमी विक्षोभ म्हणतो. नाव ऐकून कुणीतरी चिडलंय असं वाटतं, पण ती तिकडे पाऊस आणि बर्फ देऊन मुकाट्याने पुढे जाते. ती गेली की तिच्यामागून कोरडा, गार वारा मैदानं ओलांडत दक्षिणेकडे निघतो. पुण्यापर्यंत येईस्तोवर त्याचा निम्मा जोर उतरलेला असतो. तो येतो, आभाळ स्वच्छ पुसतो आणि शांत होतो. मग खरं काम सुरू होतं. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब आभाळाकडे सोडते. ढग असले तर ते गोधडीसारखे ती अडवून धरतात. ढग नसले तर सगळी ऊब निघून जाते. म्हणजे आपली कडाक्याची थंडी ही उघड्या आभाळाची थंडी. आणि बर्फ पडायचा तर ढग हवेत. पुण्यात या दोघांचं जमत नाही. एक आत आलं की दुसरं मागच्या दाराने बाहेर पडतं. म्हणून पुण्यात बर्फ पडत नाही. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की घरात फोन वाजला तरी तोंडून आधी ‘नाही’ निघायचं.

निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना, अशाच एका थंडीत, एका तरुणाचा फोन आला. तरुण म्हणजे चाळिशीचा असावा. आमच्या कार्यालयात तेवढा तरुणच.

“सर, एक यस-नो क्वेश्चन आहे. पुण्यात कधी बर्फ पडलाय? म्हणजे एव्हर?”

“नाही.”

“खूप पूर्वी? फिफ्टीज-सिक्स्टीजमध्ये?”

“तेव्हाही नाही.”

“शुअर?”

“अगदी.”

“थँक यू, सर,” तो म्हणाला. आवाजात समाधान नव्हतं. बरोबर उत्तर मिळाल्यावर माणूस इतका उतरलेला मी क्वचित ऐकलाय.

चार-पाच दिवसांनी एक बाई थेट माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. सत्तरीच्या, सडसडीत, सुती साडी, गळ्यात मफलर. बसायच्या आधी म्हणाल्या, “बाहेर फळ्यावर ‘सुचना’ लिहिलंय. ‘सू’ दीर्घ हवा.”

मी म्हणालो, सांगतो.

“आपणच का ते, फोनवर ‘नाही’ म्हणणारे?”

“मी बऱ्याच जणांना नाही म्हणतो. आपण?”

“मी ओव्हाळ. नारायण पेठेत राहते. शाळेत मराठी शिकवायचे, शेवटी मुख्याध्यापिका होते. माझ्या मुलाने, मिलिंदने, आपल्याला फोन केला होता. आपण सांगितलंत, पुण्यात कधी बर्फ पडला नाही.”

“बरोबर.”

“मी तो हातात धरलाय.”

मी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या आणि पाढा म्हणावा तशा सरळ, न थांबता सांगत गेल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. त्या एकट्या राहतात. मिलिंद खराडीला, तिथेच त्याची आयटीतली नोकरी. दिवाळीनंतर त्यांच्याकडून एकदा गॅस चालू राहिला. दुधाचं पातेलं जळालं, शेजाऱ्यांनी दार वाजवलं. मिलिंद घाबरला आणि त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी बऱ्याच गोष्टी विचारल्या आणि शेवटी म्हणाले, लहानपणचं काही आठवतंय का, सांगा.

“मी बर्फाचं सांगितलं. मुंढव्याला आम्ही राहायचो तेव्हा एका सकाळी बर्फ पडला होता, ते. त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं.” बाई ताठ बसल्या. “आयुष्यभर वर्गात उभी राहिले मी. असं बघणं मला कळतं.”

त्यानंतर मिलिंदने ठरवलं की आईने आता खराडीला यायचं आणि नारायण पेठेतलं घर बंद करायचं. आणि आईने काही म्हटलं की घरात सगळे प्रेमाने ‘हो हो’ म्हणू लागले.

“जायला माझी ना नाही,” बाई म्हणाल्या. “तो काळजीनेच म्हणतोय. पण जिचं बोलणं धरायचं नसतं अशी बाई म्हणून मी तिथे जाणार नाही. रविवारी तो माझ्याकडे येतो. आपण चहाला या. त्याच्यासमोर माझं सगळं नीट ऐकून घ्या, काय विचारायचं ते विचारा, आणि मग सांगा. मला भ्रम झालाय असं वाटलं तर तसं सांगा. मी ऐकेन.”

आमच्या खात्याच्या कुठल्याही नियमात चहाला जाऊन निकाल देण्याची तरतूद नाही. मी गेलो.

दुसऱ्या मजल्यावरचं छोटं घर. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्या शेजारी पागोटं बांधलेल्या एका माणसाचा फोटो. मिलिंदने दार उघडलं. फोनवरचाच तो आवाज. बाई चहा टाकायला आत गेल्यावर हळू आवाजात म्हणाला, “सर, सॉरी, तुम्हाला त्रास. आईचं लहानपणचं सगळं एकदम व्हिव्हिड असतं. फक्त प्लीज, तिला दुखवू नका.”

“आणि खोटं बोलू?”

बाई आतून म्हणाल्या, “त्यांना साखर किती, ते विचार. माझ्याबद्दल नंतर.”

चहा झाल्यावर मी विचारायला सुरुवात केली. नोंदी घेणाऱ्या माणसाला एक सवय असते. काय झालं हे तो शेवटी विचारतो. आधी विचारतो, कुठे.

“मुंढव्याला, अगदी नदीकाठी, एका श्रीमंत माणसाची रोपवाटिका होती,” बाई म्हणाल्या. “माझे वडील तिथे माळी. आमची खोली आवारातच होती. जागा खाली होती, खड्ड्यासारखी. पावसाळ्यात दारापर्यंत पाणी यायचं.”

“त्या दिवशी वारा होता?”

“आदल्या दिवशी होता, बोचरा. रात्री पडला.”

“ढग?”

“मुळीच नाही. वडिलांनी उजाडता उजाडता आम्हाला उठवलं. म्हणाले, उठा, बर्फ पडलाय. आम्ही धावत बाहेर. गवत पांढरं झालेलं, पीठ सांडल्यासारखं. आणि पाखरांसाठी पाणी ठेवायचं एक मातीचं पसरट भांडं होतं. त्यातून वडिलांनी बर्फाची चकती उचलून माझ्या हातात दिली. पापडाएवढी. मी ती डोळ्यापुढे धरून उगवता सूर्य बघितला. मग ती तुटली.”

मिलिंद खाली बघत होता. हे त्याने लहानपणापासून ऐकलेलं असणार.

“ते भांडं जमिनीवर ठेवलेलं होतं?” मी विचारलं.

“नाही हो. पेंढ्याच्या ढिगावर. पाखरं तिथे दाणे टिपायला यायची, म्हणून तिथेच पाणी.”

मी कप खाली ठेवला. “असं एकच भांडं होतं?”

“दोन होती. दुसरं आंब्याखाली. त्यात नुसतं पाणी.” बाई थोड्या ओशाळल्या. “त्याचं मला तेव्हाही नवल वाटलं होतं. इथे बर्फ आणि चार पावलांवर नुसतं पाणी. खोटी गोष्ट असती तर मी दोन्हीकडे बर्फ घातला असता.”

“पुढे काय झालं?”

इथे त्यांचा आवाज पहिल्यांदा बदलला. “रोपं गेली. वाफेच्या वाफे काळे पडले, उकडल्यासारखे. मालक दहाच्या सुमाराला आले. तोवर ऊन चढलेलं, बर्फाचा थेंबही नाही. वडिलांनी सांगितलं, बर्फ पडला होता. मालक म्हणाले, पुण्यात कसला बर्फ? पाणी द्यायला विसरलास आणि वर गोष्टी सांगतोस. मग त्यांनी आंब्याखालचे वाफे दाखवले. ते हिरवेगार होते. म्हणाले, सावलीत बसून तेवढ्यांना पाणी घातलंस, उघड्यावरची विसरलास. बर्फ काय आंबा बघून पडला का?”

“आणि वडील?”

“काय बोलणार? आंबा समोर उभा होता. मालकांनी कामावरून काढलं नाही, पण रोपांना हात लावायचा नाही असं सांगितलं. पुढे वडिलांनी वर्षानुवर्षं नुसत्या वाटा झाडल्या.” त्यांनी फोटोकडे पाहिलं. “त्यांनी दीक्षा घेतलेली होती. रोज संध्याकाळी आम्हा मुलांकडून पंचशील म्हणून घ्यायचे. खोटं बोलणार नाही, हे त्यातलं चौथं. ते आलं की त्या दिवसानंतर त्यांचा आवाज जरा मोठा व्हायचा.”

खालून स्कूटरचे हॉर्न येत होते.

इतकी वर्षं मी लोकांना ढग आणि गोधडी समजावत आलो होतो. पण असं पुराव्यानिशी कुणी माझ्यासमोर मांडलं नव्हतं. मी मिलिंदकडे वळलो आणि म्हणालो, तुमच्या आईला काहीही भ्रम झालेला नाही. त्या सकाळी त्या सांगतात तसंच झालं असणार, आणि मला ते आंब्यामुळे पटतंय.

“आंब्यामुळे?”

मी त्याला सांगितलं. बातम्यांत येतं ते तापमान पेटीतलं, छातीच्या उंचीवरचं. निरभ्र, शांत रात्री जमिनीलगत त्याहून कितीतरी जास्त गार असतं. पेटीत चार-पाच अंश असले तरी खाली गवतावर पाणी गोठू शकतं. त्यातून जागा नदीकाठची, खड्ड्यातली, म्हणजे आजूबाजूची सगळी थंड हवा तिथे येऊन साचणार. भांडं मातीचं, पाझरणारं, म्हणजे आणखी गार. पसरट, म्हणजे पाणी थोडं. पेंढ्यावर ठेवलेलं, म्हणजे जमिनीची ऊब त्याला लागत नाही. उत्तरेत पूर्वी मातीच्या पसरट भांड्यांत पाणी घालून, खाली पेंढा अंथरून, मोकळ्या आभाळाखाली मुद्दाम असाच बर्फ तयार करत. माळ्याने पाखरांची सोय करताना नकळत तीच व्यवस्था मांडून ठेवली होती.

“आणि झाडाखाली तो होत नाही,” मी म्हणालो. “झाडाची पानं म्हणजे ढगच. गोधडी. खालची ऊब आभाळात जाऊ देत नाहीत. म्हणून आंब्याखालच्या भांड्यात पाणी राहिलं आणि आंब्याखालची रोपं जगली. मालकांनी जो आंबा पुरावा म्हणून दाखवला तो तुमच्या आजोबांच्या बाजूचा साक्षीदार होता. त्याला कुणी विचारलं नाही, एवढंच.”

मिलिंदने आधी आईकडे बघितलं. मग म्हणाला, “म्हणजे, सर, पुण्यात बर्फ पडू शकतो?”

“पडू शकत नाही,” मी म्हणालो.

“हे बघा. परत तेच,” बाई म्हणाल्या.

“नाही, नाही. बर्फ पडायला तो वरून, ढगातून यायला हवा. हा वरून आला नाही. जागच्या जागी धरला. गोठला म्हणा, जमला म्हणा. पडला म्हणता येणार नाही.” धंद्याची शिस्त असते. इतकं सगळं मान्य केल्यावर निदान क्रियापद तरी आपल्याकडे राहावं असं मला वाटत होतं.

बाईंनी मफलर सारखा केला. त्या क्षणी मी टेबलापलीकडचा साहेब नव्हतो, तिसऱ्या बाकावरचा मुलगा होतो.

“दंव काय करतं?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे?”

“मराठीत. पहाटे गवतावर दंव काय होतं?”

“पडतं.”

“ते वरून येतं?”

दंव वरून येत नाही. हवेतली वाफ गार पानावर जागच्या जागी पाणी होते. शाळेच्या पुस्तकातसुद्धा आहे हे.

“येत नाही ना? तरी आपण पडतं म्हणतो. आपल्या बातम्यांतसुद्धा तसंच येतं, मी ऐकते. थंडी पडते, ती कुठून पडते? धुकं पडतं. अंधार पडतो. वाफे काळे पडले, तेही काय ढगातून? माझ्या वडिलांना शाळा नव्हती, पण मराठी येत होती. दंव पडतं तसा बर्फ पडला. त्यांचं वाक्य बरोबर होतं.”

“बरोबर होतं,” मी म्हणालो.

“मोठ्याने म्हणा. याला ऐकू जाऊ दे.”

“आई, मी इथेच बसलोय,” मिलिंद म्हणाला. तो हसत होता, पण चष्मा काढून पुसतही होता. “सॉरी, आई. मी सरांना प्रश्नच चुकीचा विचारला.”

“प्रश्न बरोबर होता. विचारायचा मला होता.”

मग त्या उठल्या आणि कप गोळा करू लागल्या. आत जाता जाता दारात थांबून म्हणाल्या, “गॅस राहिला, तो मात्र राहिलाच. त्याबद्दल मला काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन. डॉक्टर जे सांगतील ते करीन. बर्फाबद्दल बोलायचं नाही.”

मी डॉक्टर नाही. जवळचं विसरणारी माणसं लांबचं लख्ख सांगू शकतात एवढं मलाही ठाऊक आहे, आणि बाईंचं पुढे काय होईल याचा अंदाज वर्तवण्याची माझी पात्रता नाही. मी फक्त एका सकाळचं हवामान सांगितलं, तेही कित्येक दशकं उशिरा. ज्याला ते त्या दिवशी दहा वाजता हवं होतं तो माणूस भिंतीवरच्या फोटोत होता. पेठेतून चालत घरी येताना मला त्याचंच वाईट वाटत राहिलं. आमचं कार्यालय तेव्हाही होतं, पण त्या मालकाने तिथे फोन केला की नाही, कोण जाणे. केला असता तर त्याने विचारलं असतं, “पुण्यात बर्फ पडतो का?” आणि माझ्यासारख्या कुणीतरी अगदी अचूक उत्तर दिलं असतं.

उन्हाळ्यात ओव्हाळबाई स्वतःहून खराडीला राहायला गेल्या. सामान बांधायला मिलिंदला मदत करू दिली, पण पुस्तकांच्या खोक्यांवर नावं त्यांनीच घातली, शुद्धलेखनाच्या भीतीने. मला कळवायला फोन केला तेव्हा म्हणाल्या, “खिडकीतून नदी दिसते. पलीकडे मुंढवा. रोपवाटिकेच्या जागी आता काय आहे ते मी विचारणार नाही, आणि आपणही सांगू नका.”

मी निवृत्त झालो. आता माझ्या टेबलावर फोन नाही, खिशात आहे, आणि त्यावर प्रत्येकाला स्वतःच्या गल्लीचं तापमान दिसतं. त्यामुळे मला कुणी काही विचारत नाही. मोटारीतल्या पडद्यावर आकडा येतो तो लोक मलाच दाखवतात. इंजिनाशेजारी बसवलेला तापमापक. मी कौतुक करतो. निदान इंजिन आंघोळ तरी करत नाही.

गेल्या हिवाळ्यात थंडीची एक चांगली लाट आली. उत्तरेत बर्फ झाला, मागून वारा आला, दोन दिवस बोचला आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पडला. आभाळ घासलेल्या ताटासारखं. मी गॅलरीत उभा राहून जुन्या सवयीने वर बघत होतो, तेवढ्यात फोन वाजला. मिलिंद.

“काका, उद्या पहाटे बर्फ पडेल का?”

‘सर’चा ‘काका’ कधी झाला ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. ‘पडेल’ मात्र लक्षात आलं.

“खराडीत?” मी म्हणालो. “अवघड आहे. तुमच्याकडे शहरात सगळ्यात कमी थंडी. एवढ्या इमारती दिवसभर तापतात आणि रात्रभर ऊब सोडत बसतात. नदीकाठी थंड हवा साचायला आता जागा कुठे आहे?”

“ते माहितीये. पण आम्ही सोसायटीच्या लॉनवर भांडं ठेवतोय. अध्यक्षांनी आधी ग्रुपवर टाकलं की कॉमन एरियात वैयक्तिक भांडी ठेवायला कमिटीची परवानगी लागेल. आई खाली जाऊन त्यांच्याशी बोलून आली.”

“मग?”

“परवानगी मिळाली. मेसेजमधल्या तीन चुकाही त्यांनी दुरुस्त केल्या.”

“भांडं मातीचं आहे?”

“मातीचं, पसरट. कुंभाराकडून आणलंय. खाली पेंढा. आंब्याच्या पेटीतला आईने उन्हाळ्यातच काढून ठेवला होता.”

म्हणजे उन्हाळ्यापासून तयारी होती. मी परत आभाळाकडे पाहिलं. एकही ढग नाही, झाडाचं पान हलत नाही. आमच्या भाषेत याला अनुकूल परिस्थिती म्हणतात आणि लगेच पुढे ‘तथापि’ लावतात. मी तथापि लावलं नाही.

“शक्यता फार कमी आहे,” मी म्हणालो. “पण ठेवा. एकच सांगतो, झाडाखाली ठेवू नका.”

मिलिंदने फोन बाजूला धरून ते कुणाला तरी सांगितलं. पलीकडून बाईंचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

“त्यांना म्हणावं, ते मीच त्यांना शिकवलंय.”